नेपल्सचा संत आणि त्याच्याशी केलेला करार

आपण देवाला नवस बोलतो. मी राहतो त्या इटलीतल्या नेपल्सच्या लोकांनी तो नोटरीसमोर लिहून दिला. १३ जानेवारी १५२७ रोजी, प्लेग आणि लढायांनी गांजलेल्या या शहराने सान जेन्नारो या संताशी रीतसर दस्त केला: तू आम्हाला वाचव, आम्ही तुला नवीन चॅपल बांधून देऊ. दुसरा पक्षकार बाराशे वर्षांपूर्वी मेलेला! जेन्नारो हा बेनेव्हेन्तोचा बिशप. रोमन सम्राट डायोक्लेशनने केलेल्या ख्रिश्चनांच्या छळात, इ.स. ३०५ मध्ये इथून जवळच पोत्सुओलीला त्याचं डोकं उडवलं.

शहराने काम १६०८ मध्ये सुरू केलं, चॅपल १६४६ मध्ये पावन झालं. उशीर झाला, पण शब्द पाळला. मला सगळ्यात भावतं ते हे की करार शहराने केला, चर्चने नाही. चॅपलचा कारभार आजही नागरिकांच्या मंडळाकडेच आहे. आपल्याकडच्या देवस्थानांच्या कोर्टकज्ज्यांची आठवण झाली की हेवा वाटतो.

१९ सप्टेंबरला कुपीतलं संताचं सुकलेलं रक्त पातळ झालं, की पांढरा रुमाल हलवतात आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. उशीर झाला, तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका संतालाच झापतात. त्याचा मुखवटा चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला. म्हणून ‘पिवळ्या तोंडाच्या!’ अशी हाक. त्या स्वतःला त्याच्या नात्यातल्या म्हणवतात. विठोबाला हक्काने शिव्या देणारे अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला यात काय परकं वाटणार?

उत्तरेकडचा एक सहकारी मात्र हसला. म्हणाला, ही दक्षिणेकडची अंधश्रद्धा. मला राग आला, अजून आहे. हलवल्यावर पातळ होणारा तसाच पदार्थ इटालियन रसायनशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये बनवून दाखवला, चर्चनेही याला चमत्कार म्हणून अधिकृत मान्यता दिलेली नाही. हे आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनाही ठाऊक आहे, आणि तरी त्या जातात. त्यांना अडाणी ठरवणाऱ्याने एकदा त्यांच्याशेजारी उभं राहून बघावं.

घरून फोनवर विचारतात, तू कशाला जातोस तिथे? अरे, ज्या गावात राहतो, त्या गावाच्या रखवालदाराला नमस्कार करायला काय हरकत आहे? देवघरात गणपती आहेच की. १६ डिसेंबरला, १६३१ मध्ये इथला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला त्या दिवशी, कुपी पुन्हा बाहेर काढतील. मी जाणार आहे.