सुकडी

बोर्डिंगातल्या जुन्या मुलांच्या मेळाव्याच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला तेव्हा मला आधी आठवले ते पाच पैसे. ॲल्युमिनियमचे, चौकोनी, कोपऱ्यांना गोलाई असलेले. बोर्डिंगात शनिवारी झाडांना पाणी घातलं की ते मिळायचे आणि रविवारच्या उपासनेत दानाच्या थैलीत जायचे. आमच्या हातात ते एक रात्रच राहत.

मी जून 1969 मध्ये पुण्याच्या या बोर्डिंगात पाचवीला आलो. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून, पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, म्हणजे महिन्याला ठरलेला पगार येणारं घर. बोर्डिंगातल्या पुष्कळ मुलांच्या घरी तसा पगार येत नव्हता. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. लक्षात आलं होतं, आणि मनातून बरंही वाटत होतं.

मी आठवीत असताना बहात्तरचा दुष्काळ पडला. ताटात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आली. माझ्या शेजारच्या गादीवर झोपणाऱ्या मुलाची आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. एका रविवारी ती त्याला भेटायला आली. कामावर मजुरांना सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ, वाटत, ती तिने स्वतः न खाता पदराच्या गाठीत बांधून आणली होती. त्याने ती आम्हा चौघांत वाटली. मीही खाल्ली, आवडीने खाल्ली. आणि त्याच रात्री जेवणाच्या रांगेत त्याला मोठ्याने हाक मारली, “ए सुकडी!”

रांग हसली. पुण्यात नाव चिकटायला काय वेळ लागतो? बुधवारपर्यंत स्वयंपाकघरातल्या मावशीही म्हणू लागल्या, “त्या सुकडीला अर्धी भाकरी वाढ गं.” तो भांडला नाही, अंगावर आला नाही. फक्त माझ्याकडे पाठ करून झोपू लागला.

पुढच्या रविवारी दानाची थैली फिरत माझ्यापर्यंत आली तेव्हा मोठ्या बाईंनी थैलीच्या तोंडावर हात ठेवला. “तुझे राहू देत,” एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, दुष्काळामुळे सूट मिळाली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी खिशात पंधरा पैसे साठले आणि मी भेळेचा विचार करू लागलो. त्या संध्याकाळी बाईंनी व्हरांड्यात बोलावून मत्तयाचं शुभवर्तमान पुढे केलं. पाचवा अध्याय, 23 आणि 24 ही वचनं. वेदीजवळ दान आणलंस आणि भावाची आठवण झाली, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. मी वाचलं आणि खरं तेच सांगितलं, “बाई, माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही नाही.”

“पुन्हा वाच. कोणाच्या मनात म्हटलंय?”

पुन्हा वाचलं. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं होतं. शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, ही वचनं मी पाठ म्हणून बक्षीस घेतलं होतं, आणि नेमका हाच शब्द कधी दिसला नव्हता. आपलं मन तपासणं सोपं असतं हो. ते आपल्याच बाजूने साक्ष देतं.

तो नळाच्या फरशीवर कपडे धूत होता. मी म्हणालो, “चुकलो.” तो सदरा आपटत राहिला. मग म्हणाला, “मला कशाला सांगतोस? आईला सांग.” आई दूर गावाकडे. मग पंधरातल्या दहा पैशांचं पोस्टकार्ड आणलं आणि लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा ते चर्चचे पाळकसाहेबच वाचून दाखवणार आणि निम्म्या मंडळीला कळणार, हे पेटीत टाकल्यावर ध्यानात आलं. उत्तर आलं नाही. पुढच्या खेपेला तिच्या पदरात दोन गाठी होत्या. एक त्याला दिली, एक मला. पत्राचं नाव काढलं नाही.

उरलेले पाच पैसे बाईंनी त्या रविवारी थैलीत पडू दिले.

पण नाव गेलं नाही. नववीत इतिहासाच्या सरांनी आम्हाला पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनपर्यंत चालवत नेलं होतं. पवित्र नाम देवालयाच्या उंच घंटाघराखाली उभे राहून ते सांगत होते, की 1890 मध्ये इथे झालेल्या चहापानामुळे न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशा मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, ओढवलं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. मागून माझा हा गादीशेजारी पुटपुटला, “बरं झालं चहा होता, सुकडी नव्हती.” सगळे हसले, सरसुद्धा. मी सोडून.

मार्च 1975 मध्ये, नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच तुकडीत, आम्ही दहावी झालो. मग मी खडकीच्या एका कारखान्यात लागलो, तिथेच निवृत्त झालो. एकदा हाताखालच्या फिटरला चारचौघांत नको ते बोललो. रविवारी देवळात दानाचं ताट समोर आलं आणि हात खिशातच राहिला. दुपारी सायकल काढून येरवड्याला त्याच्या घरी गेलो. तो घरी नव्हता, त्याच्या बायकोने चहा केला, आणि काय सांगायचं ते न सुचून मी नुसताच परत आलो. सोमवारी सगळ्यांसमोर बोललो तेव्हा कुठे झालं. दर वेळी झालंच असं मात्र नाही. सख्ख्या भावाशी बांधावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं, आणि त्या सगळ्या वर्षांत मी दान बिनघोर टाकत होतो. बाई नव्हत्या ना थैलीवर हात ठेवायला.

महिन्यापूर्वी मेळाव्यासाठी जुन्या मुलांना फोन लावत होतो. आमच्या तुकडीत त्याला अजून सगळे सुकडीच म्हणतात, प्रेमाने. नातवंडांनाही ठाऊक आहे. मी एकटा खऱ्या नावाने हाक मारतो. त्याही दिवशी तसंच म्हणालो.

“सलाम,” तो म्हणाला. “अरे, आता तरी सुकडी म्हण. पन्नास वर्षं झाली.”

मी त्याला जेवणाचा बेत सांगितला.