ग्रास कटर, टू-टी ऑइल आणि कॅनचा तळ

दसरा झाला की देवगडात सगळीकडे एकच आवाज असतो, ग्रास कटरचा. पावसाळ्यात हापूसच्या बागेत गवत कमरेएवढं वाढतं. मोहोराच्या आधी ते काढलं नाही तर पुढे वाळतं आणि एका विडीच्या ठिणगीने वणवा लागतो. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी मीही कटर घेतला. टू-स्ट्रोक, साधारण 43 सीसीचा, पाठीवर अडकवायचा.

दुकानदाराने चालवून दाखवला आणि म्हणाला, ‘पेट्रोलात टू-टी ऑइल मिसळायचं.’ टू-टी म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल. किती मिसळायचं, ते मी विचारलं नाही. टाकीवर 25:1 असं लिहिलं होतं, ते मला मॉडेलचा नंबर वाटलं. हसू नका, मी कॉमर्सचा माणूस.

पडवीत मेव्हण्याचा एक डबा होता. त्याच्या छोट्या होडीला मागे लावायचं इंजिन आहे, त्याचं तेल. तेही टू-स्ट्रोक, म्हणजे चालणारच. लिटरभर पेट्रोलात चार टोपणं ओतली. टोपण केवढं होतं कोण जाणे.

कटर चालू झाला खरा, पण धूर असा की शेजारचे काका विचारायला आले, काय जाळतो आहेस. आठवड्याभरात सायलेन्सरच्या तोंडातून काळं तेल ठिबकायला लागलं, गरम झाला की बंद, आणि दोरी ओढून ओढून खांदा गेला. शेवटी जामसंड्याला मेकॅनिककडे नेला. त्याने प्लग काढला. ओला, काळाकुट्ट.

‘तेल खयचां घातलंस?’

‘होडीचं.’

‘किती?’

‘अंदाजाने.’

‘अंदाज भातात पाणी घालतांना करूचो. हयसर नाय.’

मग त्याने समजावलं. अशा टू-स्ट्रोक कटरला तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलसोबत आलेलं तेलच क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण देतं आणि शेवटी जळून जातं. म्हणून ते स्वच्छ जळणारं हवं. होडीचं इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड होतं, त्याच्या तेलावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं असतं. कटर हवेवर थंड होतो, खूप जास्त तापतो. त्या उष्णतेला होडीचं तेल पुरं पडत नाही, पिस्टनच्या रिंगा चिकटायला लागतात. कटरसाठी डब्यावर एपीआय टीसी आणि जासो एफसी किंवा एफडी हवं. एपीआय हा अमेरिकन दर्जा, जासो जपानी. एफबीपेक्षा एफसीचा धूर कमी, आणि एफडी इंजिन आतून जास्त स्वच्छ ठेवतं. बाइकचं फोर-टी, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनाचं तेल, तर अजिबात नको, ते जळण्यासाठी बनवलेलंच नाही. त्याची राख आत साचते. आमच्या वाडीत एक जण बाइकचं जळकं ऑइल घालतो आणि ‘काही होत नाही’ म्हणतो. त्याचा हा तिसरा कटर आहे, एवढंच सांगतो.

प्रमाणाचा हिशोब तसा पाचवीतला आहे. 25:1 म्हणजे 25 भाग पेट्रोलाला एक भाग तेल, लिटरला 40 मिली. 40:1 म्हणजे 25 मिली, 50:1 म्हणजे 20. टाकीवर किंवा पुस्तिकेत जे असेल तेच धरायचं. एका कंपनीच्या पुस्तिकेत तर आमचं तेल वापरलं तर 50:1, दुसरं टीसी तेल असेल तर 25:1, असं मी स्वतः वाचलं आहे. मला आधी ती तेल विकण्याची युक्ती वाटली. पण बेतालपणा दोन्हीकडून महागात पडतो. जास्त तेलाने धूर, कार्बन आणि काळा प्लग. कमी तेलाने थेट पिस्टन. पहिला आजार साफसफाईने बरा होतो, दुसरा होत नाही.

इथवर सगळं शिकलो. एफडीचं तेल आणलं, मेडिकलमधून 20 मिलीची सिरिंज आणली आणि लिटरला मोजून दोन सिरिंज. एक हंगाम कटर सुरेख चालला. आणि पुढच्याच ऑक्टोबरात जाम झाला.

झालं असं की आधीच्या हंगामातलं लिटर-दीड लिटर मिश्रण कॅनमध्ये राहिलं होतं. टाकून द्यायचं जिवावर आलं. कॅन पडवीच्या कोपऱ्यात, झाकण सैल, वर पत्रा गळका. तेच यंदा वापरायला काढलं. पहिली टाकी बरी गेली. उरलेलं तळापर्यंत दुसऱ्या टाकीत ओतलं. इंजिन गुदमरायला लागलं, मी रेस वाढवत राहिलो. मग आवाज एकदम चढा, बारीक झाला आणि खट्‌कन थांबला. दोरी ओढली तर हलेना.

मेकॅनिकने सायलेन्सरचे दोन बोल्ट काढून आतल्या भोकातून पिस्टन दाखवला. उभ्या रेघा, मांजराने नखं मारल्यासारख्या.

मी म्हटलं, तेल मोजून घातलं होतं. त्याने टाकीतलं उरलेलं काचेच्या बाटलीत ओतलं आणि उन्हात धरलं. वरचं निळसर, तळाला बोटभर फिक्कट थर, मध्ये स्पष्ट रेघ.

आता पंपावर ई20 पेट्रोल मिळतं, त्यात 20 टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून पेट्रोलातून फुटतात आणि तळाशी बसतात. तेल मात्र वर पेट्रोलसोबत राहतं. आणि कटरच्या टाकीत पेट्रोल ओढणारी फिल्टरची गुंडी तळाशीच लोळते. म्हणजे इंजिन बिनतेलाचं पाणी-इथेनॉल ओढत होतं आणि मी वरून रेस देत होतो. पिस्टन, सिलिंडर, मजुरी मिळून अडीच हजार गेले. शिवाय ऐन कापणीत आठ दिवस.

आता मी आठवड्याला लागेल तेवढंच मिसळतो. आधी अर्धं पेट्रोल, मग तेल, कॅन चांगला घुसळायचा, मग उरलेलं पेट्रोल, परत घुसळायचं. टाकीत ओतण्याआधीही हलवायचं. कॅनवर मार्करने तारीख घालतो. महिन्यावर गेलं की कटरला नाही. झाकण घट्ट, जागा कोरडी आणि चुलीपासून लांब. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही राहत नाही. नाहीतर आतला पातळ पडदा कडक होतो. अधूनमधून प्लग काढून बघतो. सध्या त्याचा रंग कोऱ्या चहासारखा आहे.

होडीच्या तेलाचा डबा मेव्हण्याला परत नेऊन दिला. त्याने उचलून हलवून बघितला.

‘अर्धां खंय गेलां?’