लेखकानं मंत्री व्हावं का?

बडोद्याच्या दांडिया बाजारात संध्याकाळी चार जुनी मंडळी जमली की कुणी ना कुणी विषय काढतंच : "सर, शिकवणारा-लिहिणारा माणूस मंत्री झाला की त्याचं लिहिणं बुडालंच ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. बुडत नाही, पण ते त्याचं स्वतःचं राहत नाही. हुमायून कबीरांकडं बघा.

कबीर बंगाली कवी, कादंबरीकार, ऑक्सफर्डला शिकलेले. आंध्र विद्यापीठात त्यांना शिकवायला बोलावलं राधाकृष्णन यांनी. १९५८ मध्ये त्यांच्याकडं वैज्ञानिक संशोधन आणि सांस्कृतिक कार्य असं जोडखातं आलं. एकीकडं आयआयटी, दुसरीकडं टागोरांची जन्मशताब्दी! पुढं १९६३ मध्ये थेट पेट्रोलियम आणि रसायनं. आपल्या कोयलीची रिफायनरी उभी राहत होती तेव्हा ते खातं या कवीकडं होतं, हे बडोद्यात किती जणांना ठाऊक आहे? ऑक्टोबर १९६६ मध्ये तिचं लोकार्पण राष्ट्रपती म्हणून राधाकृष्णन यांनीच केलं. तोवर कबीर मंत्रिमंडळाबाहेर पडले होते. खात्यांचं हे असंच. आज आहे, उद्या नाही.

कबीरांचं माझ्या लेखी सर्वांत मोठं काम मात्र या खात्यांबाहेरचं, तेव्हाचे शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांच्याबरोबरचं. मौलाना आत्मकथन करायला राजी नव्हते. कबीरांनी गळ घातली. मग संध्याकाळी मौलाना उर्दूत बोलायचे आणि कबीर टिपणं घ्यायचे. प्रकरणापुरता मजकूर जमला की इंग्रजीत खर्डा करून पुढं ठेवायचे. मौलाना खोडायचे, भर घालायचे, काही गाळायला लावायचे. स्वतः कादंबरी लिहिणाऱ्यानं दुसऱ्याच्या बोलण्यापुढं इतकं नमतं घ्यायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

फेब्रुवारी १९५८ मध्ये मौलाना गेले, १९५९ मध्ये हे आत्मकथन 'इंडिया विन्स फ्रीडम' नावानं आलं. त्यातली सुमारे तीस पानं मात्र मोहोरबंद ठेवलेली. नेहरू-पटेलांवरची मौलानांची परखड मतं त्यांत. ती उघडली १९८८ मध्ये. कबीर १९६९ मध्येच गेले. दिल्लीच्या राजकारणात राहून असला मजकूर त्यांनी मरेपर्यंत पोटात ठेवला. मंत्र्यांमध्ये हा गुण मला फारसा दिसलेला नाही.

पूर्ण आवृत्तीत तो मजकूर फुल्या छापून वेगळा दाखवलाय. माझी प्रत मागून नेणारे बहुतेक जण फुल्या-फुल्यांमधलं तेवढंच वाचून परत करतात.