हीटसिंकला चिकटून आलेला प्रोसेसर

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान उघडून पंधरा मिनिटं झाली असतील. कॉलेजमधला एक मुलगा दोन्ही हातांत हीटसिंक, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा लावलेला धातूचा ठोकळा, धरून आत आला. पंखा खाली, तळ वर, आणि तळाला एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर चिकटलेला, पिना उघड्या. "दादा, चार स्क्रू काढले आणि वर ओढलं, तर प्रोसेसरच निघून आला. लॉक तर अजून लावलेलंच आहे." कॅबिनेट बाहेर स्कूटरवर होतं.

लॉक खरंच लावलेलं होतं. मदरबोर्डवर हा प्रोसेसर बसतो त्या एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसरच्या १३३१ पिना भोकांत उतरतात आणि बाजूची दांडी खाली केली की आतले संपर्क त्या पिनांना आडवे धरतात. पकड एवढीच. वरून दाबणारं काही नाही. इंटेलच्या एलजीए सॉकेटवर लोखंडी चौकट असते, २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वरही आहे, त्यामुळे तिथे प्रोसेसर असा उपटून येत नाही. एएम४ वर मात्र प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये उष्णता वाहून न्यायला लावलेली पेस्ट वाळली की सॉकेटला हरवते. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर सरळ वर ओढून सुटत नाहीत, सरकवल्या की सुटतात, हीटसिंकचंही तसंच.

म्हणूनच काढण्याआधी मशीन दहा-पंधरा मिनिटं काहीतरी जड काम देऊन तापवायचं, मग बंद करून प्लग काढायचा आणि लगेच स्क्रू सोडायचे. हीटसिंक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे थोडं थोडं फिरवत राहायचं. सैल झालं हे हाताला कळतं, त्यानंतरच उचलायचं. या मुलाचं मशीन रात्रभर थंड पडलं होतं.

आधी प्रोसेसर सोडवायचा होता. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणं हा इथला सर्वांत वाईट मार्ग. प्रोसेसरचा पिनांकडचा हिरवा थर तडकला की सगळं संपलं. हेअर ड्रायरने हीटसिंकच्या पात्या दोन-तीन मिनिटं गरम केल्या, दात साफ करायचा दोरा दोन धातूंच्या मधून करवतीसारखा ओढला आणि प्रोसेसर फक्त कडांनी धरून फिरवला. अर्ध्या मिनिटात सुटला.

भिंगाखाली मोजलं तर एका कोपऱ्यात अकरा पिना वाकलेल्या. हीटसिंक तिरका निघाला होता, त्यामुळे शेवटी सुटलेला कोपरा आडवा झाला. तुटलेली एकही नव्हती, हे मुलाला लगेच सांगितलं. तो तोवर श्वास धरून उभा होता.

पिन सरळ करायला ०.५ मिलिमीटरची, शिसं काढलेली मेकॅनिकल पेन्सिल वापरतो. टोकाची पोकळ नळी पिनवर बरोबर बसते. एका दमात सरळ करायची नाही. थोडी वळवायची, शेजारच्या रांगेशी ताडून बघायची, पुन्हा थोडी. मागे-पुढे दोनदा वाकवली की सोन्याच्या मुलाम्याखालचा धातू थकतो आणि पिन हातात येते. शेवटी जुन्या सिमकार्डाची कड दोन रांगांमधून उभी-आडवी सरकवली. ती कुठे अडली नाही. या कामाला पाऊण तास गेला.

मग दांडी पूर्ण उभी केली, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवला आणि प्रोसेसर सोडला. तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे. बोटाने दाबायची वेळ आली तर पिन अजून वाकडी आहे, उचलून पुन्हा बघायचं.

आता हीटसिंक. पंखा वेगळा केला तर पात्यांवर राखाडी धुळीची गादी, नमद्यासारखी, एका तुकड्यात निघाली. मशीन गेममध्ये ९५ अंशांवर जात होतं ते या गादीमुळे. हवाच आत शिरत नव्हती. पेस्ट बदलायची म्हणून त्याने हीटसिंक काढला, पण ब्रश आणि ब्लोअरने काम भागलं असतं. (ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, भरधाव फिरला तर बेअरिंग खराब होतं.)

कॅबिनेटच्या तळाशी एक लोखंडी प्लेट पडलेली सापडली. मदरबोर्डच्या मागची बॅकप्लेट. या हीटसिंकचे चार स्क्रू थेट तिच्यातच बसतात, ते काढले की ती मागे सुटते. ती तशीच आत लोळत असताना कुणी पॉवर दिली असती तर बोर्ड शॉर्ट झाला असता. कॅबिनेट आडवं करून मागच्या खिडकीतून प्लेट हाताने धरून ठेवावी लागते, आणि हे काम दोघांनी केलेलं बरं. प्लेट मुलाने धरली.

जुनी पेस्ट प्लास्टिकच्या कार्डाने खरवडली, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले. टिश्यू नको, तंतू राहतात. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याच्या लहान दाण्याएवढी. पसरवायचं काम हीटसिंकचा दाब करतो. हीटसिंक सरळ खाली टेकवायचा आणि एकदा टेकला की उचलायचा नाही, नाहीतर मध्ये हवेचे बुडबुडे राहतात.

स्क्रू मात्र सावकाश. चारही आधी दोन-दोन वेढे, नुसते पकडतील इतपत. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने एकेक वेढा. एकच बाजू आधी आवळली की दुसरी उचलली जाते, पेस्ट एका अंगाला पिळून निघते आणि प्रोसेसरवर तिरका दाब येतो. स्प्रिंग दबून स्क्रू थांबला की हात काढायचा. इंटेलच्या हीटसिंकला स्क्रूऐवजी दाबून बसवायच्या पुश-पिना असतात, त्यांचा क्रमही हाच, तिरक्या जोड्या. फक्त तिथे मदरबोर्डच्या मागून चारही पांढरी टोकं पूर्ण बाहेर आलेली दिसेपर्यंत विश्वास ठेवू नये.

पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवर लावली आणि पात्यांपासून दूर बांधली. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या स्क्रीनवर, पाच मिनिटांनी ४१ अंश. त्यापेक्षा मला रॅमची काळजी होती. काही पिना मेमरीच्या असतात, त्यांतली एक जरी नीट टेकली नाही तर मशीन चालू होतं पण अर्धी रॅम गायब होते. दोन्ही स्लॉट दिसत होते, पूर्ण १६ जीबी. मग प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं सिनेबेंच हे चाचणी सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवलं. ८१ अंशांवर आकडा थांबला, पंखा एका लयीत. मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "अजून एकदा लावाल का, दादा?" पुन्हा लावलं. ८१च.