टाळीला दचकलं म्हणजे ऐकू येतं?

"टाळी वाजवली की दचकतोय की आमचा बाबू, मग कसली टेस्ट?" प्रसूती वॉर्डात एखादी आजी हे म्हणतेच. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी तज्ज्ञ आहे. आजींना मी समजावते, की टाळीला दचकणाऱ्या बाळाला हळू बोललेलं ऐकू येत नसेल, असं होऊ शकतं.

नवजात बाळाचं ऐकणं तपासणाऱ्या ओएई चाचणीत, म्हणजे कानातून उलट येणारा आवाज टिपणाऱ्या चाचणीत, बाळाला काही करावं लागत नाही. ते दूध पिऊन झोपलं की मी कानात मऊ टोकाचा प्रोब बसवते. त्यात दोन बारीक स्पीकर आणि एक माइक. समजा, २००० आणि २४४० हर्ट्झचे दोन सूर एकदम सोडले. आतला कान निरोगी असेल, तर माइकवर १५६० हर्ट्झचा सूर उमटतो. पहिल्याची दुप्पट वजा दुसरा. हा सूर आपण दिलेलाच नसतो, तो कानात तयार होतो! दिलेल्या सुरांपेक्षा पन्नासेक डेसिबलनं क्षीण, म्हणून मी पंखासुद्धा बंद करायला लावते.

हे काम आतल्या कानातल्या, बाहेरच्या रांगांमधल्या केसपेशींचं, म्हणजे केसासारखे तंतू असलेल्या पेशींचं. एका कानात साधारण १२,०००. ध्वनीबरोबर त्या आखडतात, लांबतात, हलका आवाज मोठा करतात आणि त्यातली थोडी ऊर्जा उलटी बाहेर येते. कानात असं काही घडत असावं, हे थॉमस गोल्डनं १९४८ मध्येच मांडलं होतं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्पनं तो आवाज मोजून दाखवला. आज झोपलेल्या बाळाचा कान तपासता येतो तो त्यामुळे.

चाचणीत 'रेफर', म्हणजे 'पुन्हा तपासा' असं आलं की आईचा चेहरा उतरतो. पण पहिल्या दिवशी कानात पाणी, चिकट थर असतो, आवाज बाहेर येताना अडतो. पुन्हा तपासायचं, घाबरायचं नाही. उलट एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेलं किंवा कावीळ फार वाढलेलं बाळ 'पास' झालं, तरी मी बेरा, म्हणजे कानाच्या नसेची चाचणी, करायला सांगतेच. ओएई केसपेशींपर्यंतच बघते. पुढची नस ठीक आहे का, ते तिला कळत नाही.

तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहाच्या आत श्रवणयंत्र, एवढं साधायला हवं. नेमकी तेव्हाच बाळंतीण माहेरी असते आणि तारीख चुकते. म्हणून मी माहेरचं गाव विचारून घेते आणि तिथून जवळ बेरा कुठे होते, ते फाइलवरच लिहून देते.