आमची वाटचाल : परांचीपासून बूम लिफ्टपर्यंत

चाकणच्या आमच्या यार्डात आज माणसाला उंचावर कामासाठी नेणाऱ्या ९ बूम लिफ्ट (लांब हाताच्या टोकाला माणसांची बास्केट असलेल्या) आणि १४ सीझर लिफ्ट (कात्रीसारख्या उलगडत सरळ वर जाणाऱ्या) आहेत. त्या यार्डात कमीत कमी दिसाव्यात अशीच आमची इच्छा असते, कारण भाड्याच्या धंद्यात यार्डात उभे असलेले यंत्र म्हणजे थांबलेली कमाई. सुरुवात मात्र परांचीच्या सामानापासून झाली. वडील बांधकामांना बांबू, बल्ल्या आणि पुढे लोखंडी पाइप भाड्याने देत असत. चाकण-तळेगाव पट्ट्यात कारखान्यांच्या मोठ्या शेड उभ्या राहू लागल्या, तसे छताखालच्या एका दिव्यासाठी दीड दिवस परांची बांधायची, दोन तास काम करायचे आणि पुन्हा दिवसभर ती सोडवत बसायचे, हे ग्राहकांना परवडेनासे झाले. मी कर्ज काढून एक जुनी, बॅटरीवर चालणारी सीझर लिफ्ट घेतली. वडिलांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारले, "बॅटरी उतरली तर माणूस वरच राहायचा का रे?" मी त्यांना खाली उतरवण्याचा आपत्कालीन व्हॉल्व्ह दाखवला आणि विषय संपला असे समजलो.

पुढची काही वर्षे बरी गेली, टाळेबंदीचे महिने वगळता. डिझेल बूम लिफ्ट आल्या, ऑपरेटरांना रीतसर प्रशिक्षण देऊन पाच वर्षांच्या मुदतीचे कार्ड मिळवून दिले. बास्केटमध्ये पाऊल ठेवताच सुरक्षा पट्ट्याचा हूक ठरलेल्या कडीत अडकवायचा, कठड्यावर चढायचे नाही, २२७ किलोच्या वर वजन न्यायचे नाही, वारा ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे गेला की खाली यायचे, हे सगळे आमच्या लोकांच्या अंगवळणी पडले होते. पुण्याच्या हवेत यंत्र चावी फिरवताच सुरू होते. सुरू होणे हादेखील एक शिकण्याचा विषय आहे, हे मात्र आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि यंत्राच्या पुस्तिकेतले ते पान आम्ही कधी उघडले नव्हते.

आमच्या एका जुन्या ग्राहकाला दक्षिण काश्मीरमधील लासीपोरा येथे सफरचंदांच्या शीतगृहाचे इन्सुलेटेड पॅनेल बसवण्याचे काम मिळाले. आमची एक बूम लिफ्ट ट्रेलरवरून निघाली, रामबनजवळ दरड कोसळल्याने दोन दिवस अडकली आणि पोहोचली ती नेमकी 'चिल्लई कलान' सुरू होताना, म्हणजे २१ डिसेंबरनंतरच्या त्या चाळीस कडक दिवसांत. तिच्या टाकीत चाकणचेच डिझेल होते.

पहिल्या सकाळी पारा उणे ६ च्या खाली होता. ऑपरेटरने, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, चावी फिरवली. इंजिन कण्हले आणि गप्प झाले. साइटवरचे व्यवस्थापक घाई करत होते. मामांनी स्टार्टर पुन्हा पुन्हा, मध्ये न थांबता, फिरवत ठेवला. अखेर इंजिन पांढरा धूर सोडत धरले, तेव्हा त्यांनी मला फोन केला आणि मी, घरात गरम चहा पीत, सांगून टाकले, "चढवा, चालता चालता तापेल." ते वाक्य माझे होते, मामांचे नव्हे, हे मी इथे मुद्दाम लिहितो.

दोन कामगारांना घेऊन बास्केट सुमारे ११ मीटरवर गेली आणि इंजिन बंद पडले. थंडीने डिझेलमधले मेण गोठून फिल्टर चिकट लापशीने भरला होता. अशा वेळी खालच्या पॅनेलवरून आपत्कालीन पंप चालवून बास्केट उतरवायची असते. पण आमच्या त्या यंत्रात हा पंप त्याच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, जी सकाळभर स्टार्टरने पिऊन टाकली होती. शून्य अंशाला बॅटरीची ताकद जवळपास पाचव्या हिश्शाने घटते, त्याखाली आणखी. त्यात ती उतरलेली. वडिलांचा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला तो असा.

शेजारी ट्रक होता, पण ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची. केबल सरळ जोडली असती तर आमची वायरिंग जळाली असती. मामांनी ट्रकच्या १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक सोडवली, तेवढीच जोडली आणि थंडीने जड झालेल्या हायड्रॉलिक ऑइलवर पंप थोडा थोडा चालवत, मध्ये थांबत, बास्केट चाळीस मिनिटांत जमिनीला टेकवली. कोणाला इजा झाली नाही. एका कामगाराची बोटे मात्र संध्याकाळपर्यंत बधिर होती. त्या रात्री श्रीनगरात गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायात असलेल्या सांगलीकडच्या एका कुटुंबाने मामांना पिठले-भाकरी जेवायला घातली, आणि बहुधा त्यामुळेच ते लगेच पुढच्या गाडीने परत आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः तिथे पोहोचलो. टाकी रिकामी करून हिवाळी प्रतीचे डिझेल भरले, फिल्टर बदलला, वॉटर सेपरेटरमधले पाणी काढले, इंजिनात पातळ ५डब्ल्यू-४० ऑइल आणि हायड्रॉलिकला थंडीत चालणारे ऑइल घातले. बॅटरी रोज संध्याकाळी काढून खोलीत चार्ज करू लागलो, कारण उतरलेली बॅटरी अशा थंडीत गोठून फुटू शकते. स्थानिक ट्रकचालक इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली निखारे ठेवतात. तेलगळती असलेल्या यंत्राखाली तसे करण्यास मी साफ नकार दिला. इथर फवारून इंजिन सुरू करण्याची युक्तीही बंद केली, कारण ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारी विजेची कांडी) तापलेला असताना ती वाफ स्फोटासारखी पेटते.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला आहे. आधी बास्केटची फळी, पायाचा स्विच आणि लिमिट स्विच यांवरचे दव किंवा बर्फ साफ करायचे. चावी देऊन ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबायचे. स्टार्टर एका वेळी १० सेकंदांहून जास्त फिरवायचा नाही आणि दोन प्रयत्नांत किमान एक मिनिट जाऊ द्यायचे. इंजिन धरले की रेस न वाढवता निदान ५ मिनिटे आयडलवर ठेवायचे, मग जमिनीवरच्या पॅनेलवरून रिकाम्या बास्केटने बूमची प्रत्येक हालचाल सावकाश करून पाहायची. त्यानंतर आपत्कालीन पंप तपासायचा, आणि तो चालला तरच माणूस वर जाणार. जाड जॅकेटवर बांधलेला पट्टा जॅकेट दबले की सैल होतो, म्हणून तो वर जाण्यापूर्वी पुन्हा ओढून घ्यायचा. जमिनीचे तर फसवे असते. सकाळी ती गोठून काँक्रीटसारखी वाजते आणि दुपारी उन्हात तिचा चिखल होऊन साडेसहा टनांच्या यंत्राचे एक चाक खचते. यंत्र कलल्याचा इशारा देणारा टिल्ट अलार्म वाजेपर्यंत वाट न पाहता आम्ही चाकांखाली लोखंडी प्लेटा टाकू लागलो.

या सगळ्यात रोज सकाळची २०-२५ मिनिटे जातात. ती बिलात धरल्यामुळे दोन ग्राहक सोडूनही गेले, त्यातला एक परत आला. आता हिवाळ्यात निफाड-दिंडोरी भागातील द्राक्षांच्या शीतगृहांची कामे येतात. तिथे पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो, डिझेल गोठत नाही, पण क्रम तोच राहतो. मामा सकाळी पावणेसातला फोन करतात, काही बोलत नाहीत, फोन फक्त इंजिनाजवळ धरतात. मी ते आयडल ऐकतो, पंप तपासला का एवढेच विचारतो, आणि "हो" आल्यावर बास्केटमध्ये चढायला सांगतो.