आबांचा मुल्की कागद अन् लेस्टरची फाइल

गेल्या रविवारी चुलतबहिणीचा इंग्लंडातल्या लेस्टरहून व्हिडिओ कॉल आला, नाइट ड्यूटी करून नुकतीच घरी आलेली, डोळे लाल, अन् पहिलाच प्रश्न, "दादा, आबांचा तो उर्दूतला कागद अजून हाये का पेटीत?" म्हटलं आहे, पण तुला आत्ता कुठून आठवला? तर म्हणे, फाइल लावत बसले होते.

ती २०२२ मध्ये नर्स म्हणून गेली. पाच वर्षं झाली की कायमचं राहता येतं असा तेव्हा हिशेब होता, पण मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं धोरण मांडलं की साधारणपणे पाचाची दहा करायची. तेव्हापासून ती पगाराची स्लिप, लाइट बिल, घरभाड्याची पावती, काहीच फेकत नाही. पोरगी तिथंच जन्मली, तरी जन्मानं ब्रिटिश नाही, कारण १९८३ पासून लागू झालेल्या कायद्यानं नुसतं तिथं जन्मून भागत नाही, आईबापापैकी एकजण तरी तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी लागतो. पोरगी आत्ता कुठं बोलायलीय, अन् तिचंही एक पाकीट त्या फाइलीत आहे.

आता आबांचा, म्हणजे आमच्या आजोबांचा, कागद. आमचे पणजोबा वाशीमकडून परभणीला आले तेव्हा आबा सात-आठ वर्षांचे. आज एसटीनं अर्धा दिवसही लागत नाही, पण तेव्हा वऱ्हाडात इंग्रजाचा कारभार अन् परभणीत निजामाचा, म्हणजे राज्यच वेगळं. आबांना शाळेत मास्तरकी पाहिजे होती अन् सरकारी नोकरीला मुल्की असावं लागायचं, म्हणजे या मुलखातला. बाहेरून आलेला असेल तर पंधरा वर्षं इथं राहिल्याचा पुरावा, अन् वर मॅजिस्ट्रेटपुढं लिहून द्यायचं की मी माझ्या मूळ गावी परत जाण्याचा विचार सोडला. गल्लीतल्या रिटायर मास्तरांनी मला तो कागद वाचून दाखवला, साल १३४८ फसली, म्हणजे १९३८-३९. त्या ओळीवर ते थांबले अन् दोनदा वाचली. परत जाणार नाही. बापाचं गाव, भाऊबंद, शेत, सगळं एका ओळीत सोडून दिल्याचं लिहून दिलं तेव्हा कुठं आबा परभणीचे झाले.

अन् इंग्लंडात काय, तर उलटं. २०१३ मध्ये तिथल्या गृहखात्यानं लंडनमध्ये गाड्या फिरवल्या, बेकायदा राहत असाल तर घरी जा नाहीतर अटक होईल, असं मोठ्या अक्षरात लिहून. बोर्ड बेकायदा राहणाऱ्यांसाठी, पण काळ्यासावळ्या माणसाला रस्त्यावर "घरी जा" हेच शब्द किती वर्षांपासून ऐकावे लागायलेत, त्याला ती गाडी बघून काय वाटलं असेल?

अन् ही माणसं तिथं आली कशी? २२ जून १९४८ ला विंडरश नावाच्या जहाजातून टिलबरी बंदरावर माणसं उतरली, जमैका अन् आसपासच्या बेटांवरची, त्यातले कितीतरी महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात राबलेले. ते परक्या देशात आलेच नव्हते, ते ब्रिटिश प्रजाजन होते, त्याच वर्षीच्या कायद्यानं ब्रिटन अन् वसाहतींचं नागरिकत्व एकच ठरवलं. (त्याच सालच्या १७ सप्टेंबरला आमचा मराठवाडा निजामातून सुटला. संस्थानातली माणसं तर कागदोपत्री ब्रिटिश प्रजाही नव्हती, 'संरक्षित' एवढंच. निजामाच्या वरही हुकूम इंग्रजाचाच चालायचा, पण आबांना प्रजा म्हणायलाही इंग्रज तयार नव्हते.)

मग कामाला माणसं मिळाली अन् दारं बंद होत गेली. १९६८ मध्ये केनियातल्या भारतीयांच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट असूनही त्यांना अडवायचा कायदा तीन दिवसांत पास केला. १९७१ च्या कायद्यानं आई किंवा बाप ब्रिटनमध्ये जन्मलेला असेल तर वाट मोकळी, आता असे आईबाप कोणाला असणार हे सांगायला नको, तिथं रंगाचं नाव न घेता रंगच मोजला. १९७२ मध्ये युगांडातून हाकललेल्या भारतीयांसाठी लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्याच पेपरात जाहिरात दिली की आमच्या शहरात येऊ नका. तरी लोक आले, अन् २०२१ च्या जनगणनेत त्याच लेस्टरात ४३.४ टक्के लोक आशियाई वंशाचे. बहीण राहते त्या गल्लीत ज्वारीचं पीठ मिळतं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. त्या विंडरशच्या काळात आलेल्यांना १९७३ च्या आधीपासून असल्यानं राहायचा हक्क होता, पण कागद कोणी दिलाच नाही. पुढं २०१२ नंतर नियम कडक झाले, नोकरीला, भाड्याच्या घराला, दवाखान्याला पुरावा मागायला लागले. साठी-सत्तरीतली माणसं, चाळीस-पन्नास वर्षं टॅक्स भरलेली, त्यांना म्हणे दर वर्षाचा पुरावा आणा. अन् त्यांच्या येण्याची नोंद असलेली बंदरावरची कार्डं २०१० मध्ये गृहखात्यानं स्वतःच नष्ट केलेली! कमीत कमी ८३ जणांना चुकीनं देशाबाहेर काढलं. २०१८ ला बोभाटा झाला, गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला, पण ज्याची नोकरी गेली, जो आईच्या मातीला जाऊ शकला नाही, त्याचं काय.

२०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथं दंगली उसळल्या. साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला अन् मारणारा बोटीतून आलेला निर्वासित आहे अशी अफवा उठली, तो मुळात कार्डिफला जन्मलेला. रॉदरममध्ये निर्वासित ठेवलेल्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न झाला. बहिणीला वॉर्डातून मेसेज आला की एकटी चालत येऊ नको, टॅक्सीनं ये. ती गेली. त्या रात्री एका म्हाताऱ्या गोऱ्या आजीचा हात धरून तीन तास बसली, आजी सारखी विचारायची, तू सकाळी घरी जाशील ना नीट. फोनवर हे सांगताना बहीण रडली. "दादा, आत ते माझा हात सोडना अन् बाहेर लोक हाकलून द्यायलेत, मी नेमकं कोणत्या देशात राहायले?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुण्यात खोली बघायला गेलो होतो तेव्हा घरमालकानं आधी मराठवाड्यातले का विचारलं, मग आडनाव, अन् मग खोली दिलेली आहे म्हणाला. ते मी विसरलो नाही. पण आमच्याच कॉलनीत स्लॅबच्या कामाला आलेल्या बिहारी पोरांना लोक पाणी वेगळ्या मगातून देतात, तेव्हा मीही गप्प राहिलो होतो, हेही तिला त्या दिवशी सांगितलं.

मग पेटी उघडली अन् कागद कॅमेऱ्यासमोर धरला. ती म्हणाली, जरा जवळ आण. चार घड्यांचा आहे. प्रत्येक घडीवर पार विरून फाटलाय अन् मागून आज्जीनं पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्यात, एकदा नाही, एकावर एक, तीन रंगांच्या.

"कितीदा काढून दाखवावा लागला असंल रे त्यांना," ती म्हणाली, अन् पोरगी उठली म्हणून फोन ठेवला.